रेघ, रान आणि गाव: उल्हास खोऱ्यात बाइकची वाट आखताना

बदलापुरात स्टेशनच्या ज्या बाजूला सगळे पश्चिम म्हणतात, त्या बाजूने बारवी धरणाचा रस्ता निघतो. होकायंत्र हातात धरलं तर मात्र बारवी धरण स्टेशनच्या पूर्वेला आहे. अंबरनाथचं १०६० सालचं शिलाहारकालीन शिवमंदिर पत्त्यात ‘पूर्वेला’ असतं आणि नकाशावर स्टेशनच्या नैर्ऋत्येला. याचं कारण रुळांच्या दिशेत आहे. मुंबईहून निघालेल्या गाडीच्या डाव्या हाताला पश्चिम म्हणायची सवय ठाण्यापर्यंत होकायंत्राशी जुळते. कल्याणनंतर कर्जतचा मार्ग आग्नेयेकडे वळतो, पण बाजूंची नावं तीच राहतात. रोजच्या व्यवहारात यामुळे काही बिघडत नाही. मात्र चार मित्र बाइक घेऊन डांबर सोडणार असतील आणि फोनमधल्या रेघेवर विसंबणार असतील, तर दिशा, जागा आणि वाट यांच्याबद्दल गटाची एकच समजूत असणं ही पहिली गरज ठरते.

या प्रकरणात ती समजूत कशी तयार करायची ते पाहू. उपग्रह, नकाशे आणि फाइली यांचं काम समजून घेऊ. ही साधनं ज्या प्रश्नांना उत्तर देत नाहीत, ते प्रश्न कोणाला विचारायचे तेही पाहू. कारण दगडधोंड्यांची वाट बाइकवरून पार करण्याचं कौशल्य सरावाने येतं. कुठली वाट घ्यावी याचं शहाणपण मात्र आखणीतूनच येतं.

खोऱ्याची ठेवण

राजमाचीच्या परिसरात उगम पावणारी उल्हास नदी कर्जत, नेरळ, वांगणीवरून बदलापूरला येते आणि पुढे कल्याणकडे जाते. तिच्या एका अंगाला मलंगगड, चंदेरी, म्हैसमाळ, नाखिंद, पेब आणि माथेरान अशी डोंगरांची सलग भिंत उभी आहे. दुसऱ्या अंगाला मुळगाव, बारवीचं जंगल आणि मुरबाडकडे जाणारा उंचसखल टापू आहे. उल्हासनगरच्या पाच कॅम्पांतून किंवा अंबरनाथच्या एमआयडीसीतून निघालेला चालक थोड्याच वेळात भातखाचरांच्या कडेला पोहोचतो. इतक्या जवळ इतका विविध भूभाग मिळणं हे इथल्या बाइकवाल्यांचं भाग्य आहे.

या जवळिकीतच अडचणही आहे. काही किलोमीटरच्या अंतरात औद्योगिक वसाहत, खासगी शेती, राखीव वन, धरणाची हद्द, ठाकूरवाडी आणि नव्याने उठणारी गृहसंकुलं एकमेकांना खेटून आहेत. शिवाय हा भूभाग झपाट्याने बदलतो. बारवी धरणाची उंची वाढवल्यावर तोंडली, काचकोली, मोहघर यांसारख्या गावांची जमीन जलाशयात गेली, आणि तिथल्या वाटाही गेल्या. बडोदा–मुंबई द्रुतगती मार्गाच्या कामाने बदलापूरजवळच्या डोंगरपायथ्याचं रूप पालटलं. जुन्या नकाशावर सरळ दिसणारी गाडीवाट आज पाण्यात किंवा भरावाखाली असू शकते. म्हणून इथे आखलेल्या प्रत्येक रेघेला तारीख हवी.

आकाशातून येणारा आकडा

जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. प्रत्येक उपग्रह आपली जागा आणि अणुघड्याळावरची वेळ सतत प्रसारित करतो. संदेश निघाल्याची वेळ आणि तो फोनला मिळाल्याची वेळ यांतला फरक सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी असतो. त्यावरून अंतर निघतं. जागेचे अक्षांश, रेखांश आणि उंची हे तीन आकडे काढायला तीन उपग्रह पुरायला हवेत. पण फोनचं घड्याळ अणुघड्याळाइतकं अचूक नसतं, त्यामुळे वेळेची चूक हा चौथा अज्ञात आकडा होतो आणि चौथा उपग्रह लागतो. एका मायक्रोसेकंदात प्रकाश ३०० मीटर जातो, यावरून वेळेच्या अचूकतेचं मोल ध्यानात येईल.

ही यंत्रणा अमेरिकी सैन्यासाठी उभी राहिली आणि १९९५ मध्ये पूर्ण क्षमतेने चालू झाली. नागरिकांना मिळणारा संदेश तेव्हा मुद्दाम कमी अचूक ठेवलेला असे. मे २००० मध्ये तो निर्बंध उठला आणि साध्या यंत्रावरही काही मीटरांपर्यंतची अचूकता मिळू लागली. आजचे फोन जीपीएसबरोबर रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बायदू या यंत्रणांचे संदेशही वाचतात. इस्रोच्या नाविक यंत्रणेचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये गेला. तिचे संदेश वाचणारे फोनही आता बाजारात आहेत. डोंगरकड्याने अर्धं आकाश झाकलेलं असतं तेव्हा ही विविधता उपयोगी पडते.

इथे दोन गोष्टी प्रत्येक चालकाला ठाऊक हव्यात. पहिली, जागा शोधायला इंटरनेट लागत नाही. इंटरनेट लागतं ते नकाशाचं चित्र उतरवायला. म्हणून टापूचा नकाशा घरीच फोनमध्ये साठवायचा. दुसरी, कोंडेश्वरच्या कुंडाकडे जाणाऱ्या घळीसारख्या जागी संदेश कड्यांवर आपटून येतो. मग नकाशावरचा ठिपका ओढ्याच्या पलीकडे उडी मारतो, माग वेडावाकडा उमटतो आणि अंतर खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. उंचीचा आकडा तर मोकळ्या जागीही जमिनीवरच्या जागेपेक्षा जास्त चुकतो. अशा ठिकाणी ठिपक्यापेक्षा समोरची वाट खरी मानावी.

बिंदू, मार्ग आणि माग

मित्रांमध्ये फिरणारी फाइल बहुतेक वेळा जीपीएक्स प्रकारची असते. २००२ पासून वापरात असलेल्या या खुल्या प्रकारात तीन निरनिराळ्या गोष्टी मावतात. वेपॉइंट म्हणजे नाव दिलेला एक बिंदू: पेट्रोलपंप, विहीर, ओढ्याचा उतार. रूट म्हणजे काही मोजक्या बिंदूंची यादी. त्यांच्यामधली वाट यंत्र आपल्या समजुतीप्रमाणे जोडतं. ट्रॅक म्हणजे कोणीतरी खरोखर गेलेल्या वाटेचा माग, हजारो ठिपक्यांचा.

ऑफरोडला रूटवर विसंबणं धोक्याचं, कारण एकाच फाइलमधून दोन फोन दोन वेगळे रस्ते काढू शकतात. माग सगळ्यांच्या फोनवर एकच दिसतो. मात्र तो किती दाट नोंदला आहे तेही तपासायला हवं. ताशी २० किलोमीटर वेगाने चाललेली बाइक एका सेकंदात साडेपाच मीटर जाते. दर सेकंदाला ठिपका पडला तर वळण नीट उमटतं. दर ३० सेकंदांनी पडला तर दोन ठिपक्यांमध्ये सुमारे १६७ मीटर जातात आणि डोंगरातलं आख्खं वळण रेघेतून गायब होतं. अशी रेघ पाहणाऱ्याला सरळ चढ असल्याचा भास होतो, आणि प्रत्यक्षात तिथे दरी असू शकते.

बिंदू पाठवतानाही एक चूक वारंवार होते. १९ अंश ९ मिनिटं म्हणजे दशांशात १९.१५, कारण एका अंशात ६० मिनिटं असतात. कोणी ते १९.०९ असं टिपलं, तर जागा साधारण साडेसहा किलोमीटर दक्षिणेला सरकते. बदलापूरजवळचं भेटायचं ठिकाण त्यामुळे थेट डोंगराच्या दिशेला जाऊन पडेल. गटाने एकच पद्धत ठरवावी. दशांश सगळ्यात सोपा. दशांशानंतर पाच आकडे म्हणजे सुमारे एका मीटरची नेमकी जागा. त्यापुढचे आकडे निरर्थक.

घरी बसून करायची आखणी

आखणीची सुरुवात उपग्रहछायाचित्रापासून होते, पण ते कोणत्या महिन्यातलं आहे हे आधी पाहावं. मे महिन्यातल्या चित्रात प्रत्येक पायवाट पांढरी उठून दिसते. ऑक्टोबरच्या चित्रात कारवी आणि गवत सगळं झाकून टाकतं.

त्यानंतर चढ वाचायचा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवर ५०० मीटर आणि दोन समोच्च रेषांमध्ये २० मीटर उंची. एका सेंटीमीटरच्या वाटेने पाच रेषा ओलांडल्या, तर ५०० मीटरांत १०० मीटर चढ झाला, म्हणजे पाचास एक. कोरड्या मुरुमावर हा चढ जमतो; ओल्या मातीवर, सुट्या दगडांवर नवख्याला तो अवघड जातो. आणि दोन समोच्च रेषांच्या मध्ये दहा मीटरचा उभा कडा सहज लपतो, हे विसरू नये. फोनमधल्या बऱ्याच नकाशांची उंची फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने केलेल्या रडार मोजणीवरून आलेली आहे. त्या मोजणीतला चौकोन सुमारे ३० मीटरचा. बांधाची उंची, ओहळाचा खोल काठ, खाचराची पायरी हे तिच्यात उमटत नाही.

जुन्या छापील नकाशावरून बिंदू उचलताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. ते नकाशे १८३० च्या एव्हरेस्ट मापनावर बेतलेले आहेत आणि जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या मापनावर चालतो. त्यामुळे आपल्या भागात जागा शंभर मीटरच्या आसपास सरकते. पठारावर हे चालून जातं. चंदेरीच्या पायथ्याच्या अरुंद सोंडेवर शंभर मीटर म्हणजे वाट आणि कडा यांतलं अंतर.

तिसरं साधन बाइकवाल्यांच्या गप्पांत क्वचितच येतं, आणि तेच सगळ्यात मोलाचं आहे: गाव नकाशा. महसूल खात्याच्या या नकाशावर गाडीमार्ग तुटक दुहेरी रेघेने आणि पायमार्ग तुटक एकेरी रेघेने दाखवतात. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट आणि पायमार्गाची सव्वाआठ फूट धरली जाते. महाभूनकाशाच्या संकेतस्थळावर जमिनीच्या गटांच्या हद्दी घरबसल्या पाहता येतात. उपग्रहचित्रात दोन गावांना जोडणाऱ्या दोन सारख्याच वाटा दिसतात. त्यांतली एक पिढ्यान्‌पिढ्या वहिवाटीची पाणंद असते आणि दुसरी कोणाच्या तरी शेताचा बांध. हा फरक फक्त गाव नकाशा सांगतो.

वाट कोणाची

आपल्याकडे बांधावरून वाट देण्याची कायदेशीर तरतूद आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदार शेतकऱ्याला शेजाऱ्याच्या बांधावरून वाट देऊ शकतो. पण ती वाट त्या शेतकऱ्याला त्याच्या शेतापर्यंत पोहोचता यावं म्हणून असते. सुट्टीच्या दिवशी डोंगराकडे निघालेल्या दहा बाइकना त्या आदेशाने कोणताही हक्क मिळत नाही.

वनाचा प्रश्न याहून कडक आहे. भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार राखीव वनात परवानगीशिवाय शिरणं हा गुन्हा आहे. माथेरानचा परिसर २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला आणि खुद्द माथेरानमध्ये रुग्णवाहिकेसारखे अपवाद सोडून मोटारवाहनांना बंदी आहे. डोंगराच्या सोंडेवरून माथ्याकडे जाणारी एखादी वाट चित्रात कितीही मोहक दिसली, तरी ती बाइकची नाही. आपली आखणी पायथ्याची गावं, पाणंदी, धरणांकडे जाणारे उघडे रस्ते आणि वाड्यांना जोडणारे कच्चे मार्ग यांच्यापुरती ठेवावी. शंका आली तर वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारावं.

युरोपात २०१७ मध्ये ‘ट्रान्स युरो ट्रेल’ हा उपक्रम सुरू झाला. देशोदेशीचे स्वयंसेवक आपापल्या देशातल्या कायदेशीर कच्च्या वाटा जोडून मागाच्या फाइली तयार करतात, त्यांत दुरुस्त्या करत राहतात आणि त्या कोणालाही मोफत देतात. कमी आवाज, कमी वेग, लहान गट आणि पायी चालणाऱ्याला आधी वाट ही त्यांची शिस्त आहे. आपल्याकडेही फेब्रुवारी २०२१ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनंतर भारतीयांना नकाशे तयार करणं आणि वापरणं खूपच मोकळं झालं आहे. उल्हास खोऱ्यातल्या मित्रमंडळींनी आपापल्या गावांच्या कायदेशीर वाटा अशाच शिस्तीने जोडल्या, तर पुढच्या पिढीला मोठी ठेव मिळेल.

शेतीचं वेळापत्रक, पावसाचं वेळापत्रक

या भागातली वाट वर्षातून तीन-चार वेळा बदलते. मार्च ते मे शेतकरी राब भाजतात. तेव्हा खाचरं मोकळी आणि कडक असतात, पण माळावरचं गवत पेटायला तयार असतं. तापलेला सायलेन्सर वाळल्या गवतात टेकला तर वणवा लागू शकतो. जूनमध्ये पेरणी, जुलैमध्ये लावणी. मे महिन्यात ज्या खाचरातून माग गेला होता त्यात आता कोणाच्या तरी वर्षभराच्या भाताची रोपं उभी असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी होते आणि जमीन रिकामी दिसू लागते. पण उरलेल्या ओलीवर पुष्कळ ठिकाणी वाल टोकलेला असतो. त्याचा कोंब बाइकवरून दिसत नाही. म्हणून बारा महिन्यांत कधीही खाचरातून न जाणारी रेघ हीच या खोऱ्यातली योग्य रेघ.

पाण्याबद्दल तर जास्तच सावध राहायला हवं. २६ जुलै २०१९ च्या रात्री उल्हास नदीला पूर आला आणि महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली. दुसऱ्या दिवशी हजाराहून अधिक प्रवाशांना होड्यांनी बाहेर काढावं लागलं. आख्खी रेल्वेगाडी जिथे थांबते तिथे बाइकचा निभाव लागत नाही. डोंगरात पाऊस झाला की बदलापुरात ऊन असतानाही ओहळ थोड्या वेळात फुगतो. आखणी करताना प्रत्येक ओढ्याच्या उताराला वेपॉइंट द्यावा आणि त्याच्या नावातच ‘जून ते सप्टेंबर बंद’ असं लिहावं. त्या उताराला पर्याय म्हणून पुलावरून जाणारी वाट त्याच फाइलमध्ये असावी.

निघण्याच्या दिवशी

फाइल किमान दोन फोनमध्ये हवी, आणि ते फोन दोन वेगळ्या बाइकवर. मोटारसायकलच्या मोठ्या इंजिनाची थरथर फोनच्या कॅमेऱ्याला इजा करू शकते, असं अ‍ॅपलने २०२१ मध्ये आपल्या ग्राहकांना कळवलं होतं. त्यामुळे कंप शोषणारा होल्डर वापरावा किंवा जुना फोन लावावा.

पुढे चालणारा वाट शोधतो, सगळ्यात मागे अनुभवी माणूस असतो, आणि प्रत्येक फाट्यावर मागचा दिसेपर्यंत पुढच्याने थांबायचं. हा साधा नियम पाळला तर नेटवर्क नसलेल्या रानातही कोणी हरवत नाही. चालत्या बाइकवर पडद्याकडे पाहत राहणं घातक आहे. डकार रॅलीचे स्पर्धकही दिशेसाठी मुख्यतः रोडबुक वाचतात: पुढच्या वळणापर्यंतचं अंतर आणि वळणाचं छोटं रेखाचित्र. २०१५ मध्ये ती स्पर्धा पूर्ण करणारा पहिला भारतीय सी. एस. संतोष आणि २०२४ मध्ये रॅली २ गट जिंकणारा हरिथ नोआ यांनी याच पद्धतीने वाळवंट ओलांडलं. आपणही मुख्य फाट्यांची अशी एक यादी कागदावर करून टाकीवर चिकटवावी. मुळगावनंतर किती किलोमीटरवर कुठला फाटा, तिथे देऊळ आहे की हातपंप, एवढं पुरतं.

अपघाताची तयारी आखणीतच करायची असते. रेघेवर दर काही किलोमीटरला डांबरी रस्त्याकडे निघणारी सुटकेची वाट दाखवावी, आणि त्या वाटेवरचं सगळ्यात जवळचं गाव कोणतं ते लिहावं. १०८ किंवा ११२ वर फोन लावल्यावर अक्षांश-रेखांशाइतकंच गावाचं नाव आणि तिथवर येणारा रस्ता सांगता यायला हवा. अंबरनाथचं छाया रुग्णालय आणि उल्हासनगर कॅम्प ३ चं मध्यवर्ती रुग्णालय हे बिंदू प्रत्येक फाइलमध्ये कायमचे असावेत.

फाइल परत आल्यावर

फेरी संपली की निम्मं काम उरतं. नोंदवलेल्या मागातून चुकलेले फाटे, विश्रांतीच्या जागी पडलेली ठिपक्यांची गर्दी आणि कड्याजवळच्या खोट्या उड्या काढून टाकाव्यात. फाइलच्या नावात महिना आणि वर्ष घालावं. जिथे शेतकऱ्याने हरकत घेतली, जिथे वनखात्याचा नवा फलक लागला, जिथे पाणंद अडवलेली आढळली, तो तुकडा त्याच दिवशी वगळावा आणि जुनी फाइल वापरू नका असं सगळ्यांना कळवावं. कोणाच्या अंगणातून गेलेला माग, वाडीच्या पाण्याच्या झऱ्याचा नेमका बिंदू, पक्ष्यांच्या घरट्यांची जागा या गोष्टी आपल्या गटातही फिरवू नयेत. एकदा बाहेर पडलेली रेघ परत बोलावता येत नाही, आणि तिच्यावरून येणाऱ्या अनोळखी चालकाला आपण गावकऱ्यांशी केलेलं बोलणं माहीत नसतं.

नवी वाट फाइलमध्ये घेण्याआधी निदान एकदा बाइक न घेता त्या गावात जावं. पोलीस पाटलांना, सरपंचांना, वाडीतल्या जाणत्या माणसांना भेटावं. कोणत्या दिवशी बाजार असतो, जत्रा कधी, शाळेची मुलं कोणत्या वेळी या वाटेने चालतात, गुरं कधी परततात, हे विचारावं. या उत्तरांना जीपीएक्समध्ये वेगळी जागा नाही. ती वेपॉइंटच्या टिपणात आपल्यालाच लिहावी लागतात. पण त्याच टिपणांमुळे फाइल वापरण्याजोगी होते.

उपग्रह आपल्याला काही मीटरांच्या अचूकतेने आपली जागा सांगतो, आणि ते थोर काम आहे. ती जागा कोणाची आहे, आज तिथून जावं का आणि कसं जावं, हे गटाने मिळून ठरवायचं असतं. चांगल्या आखणीची कसोटीही साधी आहे: ज्या वाटेने यंदा गेलो, त्याच वाटेने पुढच्या वर्षी गेल्यावर गावातली माणसं ओळखीने थांबवून बोलली, तर ती आखणी जमली असं समजावं.